माय उनी

...नाही मावशी, काल पडद्यावर दिसलं ते मीच लिहिलेलं. शुद्धलेखन चुकलं असेल तर माफ करा — माझी मराठी आश्रमशाळेतली, तीही अर्ध्यात सुटली, घरी आम्ही पावरी बोलतो, जड शब्द मला येत नाहीत. अक्षरं माझी, पण बोल हेमकांतचा. तुमच्या हेमकांतचा. बसा ना. लॅपटॉप तयार आहे, ममताला भावाचा लॅपटॉप आता कॉलेजात नेता येईल. भूतबित काही नाही त्यात. सांगतो.

बॅटरी पार थकलेली होती त्याची, चार्जर काढला की थोड्या वेळात मान टाकायचा. आणि वायफाय कसं, जवळ नेट नसलं तरी शोधत बसतं, त्यातच बॅटरी जाते. हेमकांत इथेच, या स्टुलावर बसून म्हणाला, "वाहरूभाऊ, हाऊ वायफाय मन्ही बॅटरी खाई ऱ्हायना, याले बांधी ठेव." मग आम्ही दोघांनी शेल स्क्रिप्ट लिहिली — स्क्रिप्ट म्हणजे मावशी, यंत्राला एकाखाली एक सांगून ठेवलेली कामं, मग आपण नसलो तरी ते करत राहतं — नसलो तरी, म्हणजे — तसं नव्हतं म्हणायचं मला. तर काय, वायफायची वीज तोडायची. अधूनमधून क्षणभर जोडायची, जवळ तुमचा फोन आहे का बघायचं — घरात नेट तुमच्याच फोनचं ना, त्यानेच हॉटस्पॉट चालू करून दिलेला — फोन नसला की पुन्हा वीज बंद. असला की चालू ठेवायची आणि पडद्यावर लिहायचं, "माय उनी". मी म्हटलं, आई आली हे लिहायचं कशाला? तर हसला. म्हणे, "ती निंदाले जास, अंधार पडना का येस. मी डोकं खाले घालीसन बसेल ऱ्हास, माले समजस नही ती कवय उनी. समजनं तर चहा तरी टाकसू." टाकायचा का हो तो चहा, तुम्ही शेतातून आलात की? टाकायचा? मला वाटलं, नुसतं बोलतोय.

परवा ममता लॅपटॉप ठेवून गेली तेव्हा काही झालं नाही. काल तुम्ही पायरी चढलात आणि टेबलावर ते उठलं — दिवा लागला, माय उनी. तुम्ही नुसतं "समदं पुसी टाक" म्हणालात आणि आल्या पावली परत. मी मागे येणार होतो, पण काय बोलायचं ते मला वेळेवर सुचत नाही. त्या दिवशीही, उसाच्या ट्रॉलीवर त्याची गाडी आदळली त्या दिवशी, मी तुमच्या अंगणाबाहेर उभा होतो. आत नाही आलो. आत सगळी तुमची माणसं, मी कोण म्हणून सांगायचं — लॅपटॉप दुरुस्त करणारा? या सगळ्या लोणखेड्यात मला भाऊ म्हणणारा तो एकटाच — जाऊ द्या. हे कुठे काढलं मी.

आजही वाट बघत होतो, तुम्ही याल, ते उठेल — थांबा. तुम्ही येऊन बसलात, आणि हे उठलं कसं नाही? फोन घरी राहिला? नाही, हा काय पिशवीत. मग... हॉटस्पॉट बंद आहे मावशी. ममतानं — तुम्ही? तुम्ही स्वतः? तो गेल्यापासून कोणाला हॉटस्पॉटला हात लावू देत नव्हतात तुम्ही, दुपारीच फोन मरायचा तरी नाही, ममता सांगत होती.

बरं. नाही, बरोबरच केलं.

सकाळी दुकान उघडल्याबरोबर मी सगळं पुसलं, तुम्ही सांगितलं तसं. फोटो तेवढे या पेनड्राइव्हवर घेतले, हा ठेवा जवळ. ती 'माय उनी'ची एक फाइल मात्र राहू दिली होती. म्हटलं, तुम्ही पुन्हा पायरी चढाल.

निघा तुम्ही मावशी, पुरुषोत्तमनगरची गाडी लागली असेल. लॅपटॉप राहू द्या, ममताला पाठवा उद्या. तुमच्यासमोर नाही पुसवत मला.