झाकणाखालचे केस

चेंदा : कुजबुजताय कशाला, कुंथिया बोंग? त्या दिवशी धक्क्यावर तुमचा आवाज पार मिठागरापर्यंत गेला होता.

कुंथिया : आत येऊ का?

चेंदा : या की. चोरट्या बाईचं घर आहे, जरा जपून बसा.

वुथी : चेंदा, पुरे. बोंग म्हणतेस ना, मग थोरल्या बहिणीचा मान ठेव. बसा, बोंग. ती चटई घ्या.

कुंथिया : मी उभीच बरी, वुथी. चेंदा, तू ती खेकडी विकायला तिची अंडी ब्रशने घासली नव्हतीस.

चेंदा : ते मला ठाऊक आहे. तुम्हाला कधी कळलं?

कुंथिया : काल संध्याकाळी. पुरावा म्हणून ती खेकड्यांच्या बँकेतच ठेवली होती मी, अंड्यांच्या खेकड्या पिल्लं सुटेपर्यंत ठेवतो त्या पिंपात. पिंप धुताना उलटी केली आणि पोटाखालचं झाकण उघडलं. आतल्या पायांचे केस लांबच्या लांब, एकही तुटलेला नाही. त्यांना अंड्यांची रिकामी टरफलं चिकटली होती, थोडीशी. ब्रशने अंडी खरवडली असती तर केसांचे खुंट उरले असते.

वुथी : मग अंडी गेली कुठं?

कुंथिया : पिल्लं बाहेर पडली. आपली आपण, त्या रात्री, तुमच्याच बादलीत.

वुथी : तरीच! रात्रभर बादलीत खळखळ चालली होती. मला तापात वाटलं, उंदीर पडलाय.

कुंथिया : ती झाकण हलवत असणार. वेळ भरली की पोटाखालचं सगळं झटकून पाण्यात सोडते.

चेंदा : ह्यांना ताप नसता तर मी रात्रीच नेऊन दिली असती तिला बँकेत. सकाळी बघते तर पोट रिकामं आणि पाणी गढूळ. मला वाटलं, मेली अंडी. आता विकायला हरकत नाही म्हणून बादलीसकट धक्क्यावर त्या खेकडे विकत घेणाऱ्या थाउकेकडे नेली. ते पाणी तुम्ही सगळ्यांदेखत समुद्रात फेकलंत, बोंग. आठवतंय?

कुंथिया : आठवतंय.

चेंदा : म्हणजे पिल्लं तुमच्याच हातून सुटली. पुण्य लागलं तुम्हाला.

कुंथिया : असं बोलू नकोस गं.

चेंदा : मग कसं बोलू? थाउके माझे खेकडे तराजूला लावू देत नाही. हे कॉफी प्यायला गेले की लोक विचारतात, ब्रश आणलास का? पोरीला शाळेत तेच नाव पडलंय. आणि झाकण उघडून केस कसे बघायचे, ते आम्हाला शिकवलं कोणी? बँक निघाली त्याच दिवशी, तुम्हीच ना? खेकडी तुमच्या हातात होती. का नाही बघितलंत?

कुंथिया : आमच्या ह्यांनी आदल्या संध्याकाळी तिच्या पोटाखाली अंड्यांचा काळा गोंडा बघितला होता. सकाळी तो नाही म्हटल्यावर...

चेंदा : अंडी काळी पडली म्हणजे आतल्या पिल्लांना डोळे आले, आज-उद्या फुटणार. हेही तुम्हीच शिकवलंत.

कुंथिया : हो.

चेंदा : मग?

कुंथिया : मला बघायचंच नव्हतं. बँकेच्या बैठकीत तू विचारलं होतंस, सगळ्यांचे खेकडे कुंथिया तपासते, मग कुंथियाचे कोण तपासणार? लोक हसले. तुझं काही चुकलं नव्हतं, पण ते माझ्या मनात रुतून बसलं. त्या सकाळी तुझी रिकामी खेकडी हातात आली आणि मला आनंद झाला, चेंदा. झाकण उघडलं असतं तर तो गेला असता.

वुथी : पाणी देऊ का, बोंग?

कुंथिया : नको रे. थाउकेला मी सांगते. शाळेतल्या बाईंशीही बोलते.

चेंदा : असंच? हळूच?

कुंथिया : धक्क्यावर बोलले तर बँक बुडेल. हिला घासलेली कुठली आणि फुटलेली कुठली ते कळत नाही म्हणतील. अंड्यांच्या खेकड्या परत सरळ बाजारात जातील.

चेंदा : कळतं की तुम्हाला. तेच सांगा, कळतं म्हणून.

कुंथिया : कळत असून बघितलं नाही, ते तर जास्तच वाईट.

चेंदा : हो.

कुंथिया : माझं तोंड उघडायचं नाही तिथं.

चेंदा : त्या दिवशी उघडलं होतं.

कुंथिया : तू येशील बरोबर?

चेंदा : नाही. मी आले तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघत बसतील.

(दुसऱ्या दिवशी. वुथी धक्क्यावरून घरी आला आहे.)

चेंदा : बोलल्या?

वुथी : बोलल्या. पहिल्यांदा इतक्या हळू, की थाउके म्हणाला, मागच्यांना ऐकू आलं नाही.

चेंदा : मग?

वुथी : मग परत पहिल्यापासून बोलल्या. बैठकीचंसुद्धा.

चेंदा : आणि आनंद झाला होता, ते?

वुथी : तेही. मग ती खेकडी उलटी धरून एकेकापुढे गेल्या, झाकण उघडून केस दाखवत. नांग्या बांधायच्या राहिल्या होत्या तिच्या. तिनं अंगठाच धरला.

चेंदा : टाकली असेल.

वुथी : नाही टाकली. तशाच शेवटच्या माणसापर्यंत गेल्या. मला बघवेना.

चेंदा : लोक काय म्हणाले?

वुथी : काय म्हणणार? थाउके म्हणाला, झालं असेल तर बाजूला व्हा, बर्फ वितळतोय. दोघींनी आपल्या अंड्यांच्या खेकड्या पिंपात सोडल्या. एकानं सोडायला आणलेली परत नेली.

चेंदा : आणि त्या?

वुथी : पिंपापाशी बसल्यात. अंगठ्यातून रक्त येतंय अजून.

चेंदा : कोणी बांधलं नाही काही?

वुथी : कोण बांधणार? नजर वर केली तर ना त्यांनी.

चेंदा : ती धुतलेली चिंधी द्या इकडं. नांगीची जखम पिकते.