पाळकसाहेबांचा आक्षेप

आक्षेपांचं म्हणशील, तर माझ्या पुस्तकावर आलेला ऐक. माझ्या जादूच्या कादंबरीतला बिशप चर्चच्या नावाखाली अख्ख्या राज्याला धाकात ठेवतो. आमच्या चर्चमधल्या साळवेकाकांनी ती वाचली आणि पाळकसाहेबांकडे लेखी तक्रार केली, की पुस्तक धर्मविरोधी आहे, रविवारी उपासनेत त्याचा निषेध करा.

आईने चार दिवस धसका घेतला. म्हणाली, "लिहिलंस तू, पण दर रविवारी तिथे मला बसायचंय."

शनिवारी पाळकसाहेब स्वतःच बिबवेवाडीला आमच्या घरी आले. हातात माझं पुस्तक, त्यात कागदाच्या खुणाच खुणा. आईने चहा दिला आणि स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली.

"तुझा हा बिशप ढोंगी आहे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"असू दे. ढोंगी माणसं आमच्यातही असतात, साळवेंना मी तसं सांगितलंय. पण हा तीन तास प्रवचन देतो आणि एकही माणूस उठून जात नाही, हे मला पटलं नाही."

"त्याने लोकांवर मोहिनी घातलेली असते."

"तेच विचारायला आलोय. पुस्तक मी दोनदा वाचलं. तो मोहिनीमंत्र कुठल्या पानावर आहे?"

मला हसू आवरेना. आईचा चेहरा मात्र गंभीर होता.

"सांगू नकोस गं," ती म्हणाली. "रविवारी आम्हाला घरी येऊन स्वयंपाक करायचा असतो."