वरचं की खालचं?

नाही, पण मग मला विचारलंच कशाला, मी म्हणतो! नसतं विचारलं तर मी काय उपोषणाला बसणार होतो? या घरात मला विचारून काय होतं हो? सोफा बदलला, तो मला बसल्यावर कळला. पडदे बदलले, मला वाटलं मोतीबिंदूच वाढला, डॉक्टरांकडे जाऊन आलो! आणि एक दिवस, थंडी नुकती सुरू झालेली, जेवणाच्या टेबलावर मुलगा म्हणतो, "बाबा, सुट्टीत बर्फात जाऊ या, स्कीइंगला. दोन रिसॉर्ट आहेत. एक डोंगरावर अगदी वर, एक खाली पायथ्याशी. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा." माझा घास हातातच. म्हटलं, "मी?" तर सूनबाई लगेच, तो तिचा ऑफिसातला गोड आवाज आहे ना, चिडलेल्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवलेला, त्या आवाजात, "म्हणजे काय! तुम्ही सांगाल तसं, बाबा!"

तुम्हाला सांगतो, गहिवरून आलं मला. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं मी. वर्गात माझ्या शब्दावर माना डोलायच्या... झोपेनं डोलत असतील, तीही शक्यता आहे, पण डोलायच्या! निवृत्त झालो आणि घरात माझा शब्द म्हणजे काय, तर कोपऱ्यात चालू राहिलेला रेडिओ. कुणी ऐकत नाही आणि उठून बंदही करत नाही. आणि आता अख्ख्या घराची सुट्टी माझ्या एका शब्दावर! म्हटलं, हा शब्द चुकता कामा नये. हा चुकला की पुन्हा आपल्याला कुणी काही विचारणार नाही.

लागलो कामाला. आता बघा, वरच्या रिसॉर्टला बर्फाची खात्री, पण उतार असे की फोटो बघतानाही खुर्ची घट्ट धरावी. खालचं सौम्य, गोंडस, पण बर्फ पडला तर पडला. वर हवा विरळ, आमच्या हिला दम लागणार. खाली दम लागणार नाही, पण दम लागावा असं काही करायलाही मिळणार नाही! नातीला घसरायचंय, तिला वरचं बरं. पण घसरली म्हणजे? अहो, घसरायलाच तर नेतोय! हो, पण किती? वरच्यांना फोन लावला. माणूस म्हणतो, "काळजी नको साहेब, शिकवायला माणूस आहे." म्हटलं, "पडलं तर?" "सगळेच पडतात, साहेब." "हो, पण उठतात ना?" तर म्हणतो, "गरम पाणी चोवीस तास आहे, साहेब!" तुम्हीच सांगा, काय अर्थ लावायचा त्या गरम पाण्याचा?

झोपताना वरचं ठरवावं, सकाळी दात घासेपर्यंत खालचं. केस कापायला गेलो, तिथे न्हाव्यालाही विचारलं. तो म्हणतो, "काका, बर्फच बघायचा ना? फ्रिज उघडा. आणि मान हलवू नका." मुलाला अधूनमधून विचारायचो, "अरे, घाई नाही ना?" तो मोबाइलमधून डोकं वर न काढता, "तुम्ही सांगाल तसं, बाबा!"

आणि ठरलं! वरचं! का? कारण स्कीइंगला जायचं तर बर्फ हवा. हसताय काय? साध्या वाक्यापर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो, तर्कशास्त्र असंच असतं. बरं, माझा सभ्यपणा बघा... म्हटलं, खालच्यांनाही कळवावं, बिचारे वाट बघत असतील. फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणते, "येणार नाही म्हणजे? सर, तुमचं बुकिंग तर पक्कं आहे! उन्हाळ्यातच झालंय. आजोबांना बाथरूमजवळची खोली, तीही ठेवलीय. म्हणजे... आजोबा आपणच का?"

उन्हाळ्यात! आणि मला विचारलं थंडीत!

हिच्याकडे गेलो. ही पलंगावर स्वेटरांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "तुला माहीत होतं?" "अहो, किती खुशीत होतात तुम्ही! इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणालात का, छातीत काहीतरी होतंय, नाडी बघ?" ...नव्हतो म्हणालो. "सूनबाईच म्हणाली, बाबांच्या डोक्याला काहीतरी काम देऊ या." म्हणजे बघा! लहान मूल स्वयंपाकघरात लुडबुडायला लागलं की त्याच्या हातात वाटी-चमचा देतात ना, बस वाजवत म्हणून? तसं! आणि मी वाजवत होतो हो, जीव तोडून वाजवत होतो!

तरी जेवताना जाहीर केलं. "वरचं! कारणं सांगू?" मुलानं सुनेकडे बघितलं, सुनेनं पाण्याच्या तांब्याकडे. "तुम्ही सांगाल तसं, बाबा." आवाज या खेपेला जरा पातळ. पुढे एक दिवस मुलगा ऑफिसातून येतो आणि बूट काढता काढता म्हणतो, "बाबा, घोळ झाला. वरचं फुल्ल आहे. खालचंच घ्यावं लागलं." मी आतल्या खोलीत जाऊन वरच्यांना फोन लावला. "खोल्या? हव्या तेवढ्या, साहेब! तुम्ही ते 'पडलं तर'वाले ना?"

बोललो का मी? नाही बोललो. म्हटलं, बोललो तर पुढच्या खेपेला खोटंखोटंसुद्धा कुणी विचारणार नाही.

गेलो. खालच्या रिसॉर्टला. आणि तुम्हाला सांगतो, बर्फ? चिखल! हिरवंगार गवत आणि चिखल! डोंगरावर नेणाऱ्या तारेवरच्या लिफ्टच्या खुर्च्या रिकाम्या लोंबकळतायत, आणि आम्ही लॉबीत ओळीनं बसलोय, भाड्याचे बूट चढवून... बूट कसले, पायात बादल्या! समोर मोठी काच. काचेतून दूर वर डोंगरमाथा, पांढराशुभ्र, आणि त्यावर मुंग्यांएवढी माणसं मजेत घसरतायत. पडतही होती. आणि उठत होती हो! नातीनं काचेला नाक लावलं. "आजोबा, आपण तिकडे का नाही गेलो?"

मी मुलाकडे बघितलं. मुलगा बुटाची बक्कलं बघायला लागला. आणि सूनबाई, त्याच गोड आवाजात, "अगं, आजोबांना ठरवायला उशीर झाला ना, तोवर तिकडच्या खोल्या संपल्या."

नात वळून माझ्याकडे बघायला लागली. आता एकच वाक्य होतं माझ्याजवळ. 'बुकिंग उन्हाळ्यात झालं.' संपलं! कारण आधी, परिणाम नंतर, हेच तर शिकवलं जन्मभर. तोंड उघडलं... तेवढ्यात हिनं हळूच माझ्या मनगटावर बोटं ठेवली. नाडी बघत होती की गप्प बसवत होती, कोण जाणे. म्हटलं, "हो बाळा. माझाच उशीर झाला."

आणि तेव्हापासून विचार करतोय. दुसरं आहे काय करायला? आणि तुम्हाला सांगतो, सगळ्या बाजूंनी बघितलं, उलटसुलट तपासलं... सूनबाईचं तसं काही चुकलेलं नाही. उशीर झालाच माझा. त्यांनी विचारायच्या आधीच सांगून टाकायला हवं होतं मी!