मामींच्या मानेचे माप

कुणाचे माप घेऊ नये, अशा समजुतींचा विषय निघाला की डिंभे गावच्या माझ्या मामांची हकिगत सांगायलाच हवी. दम्यामुळे मामींना आडवे होता येईना. बसल्या बसल्या झोपायचे, तर मान टेकायला काही नव्हते. म्हणून मामांनी करवत आणि रंधा उसना आणून खाटेच्या उशाला फळ्यांची पाठ करायला घेतली. मामींची मान कुठवर येते हे पाहायला ते सुतळी घेऊन पुढे झाले, तशा मामी ओरडल्या, "ठेवा ती सुतळी! जित्या माणसाचं असं माप घेत्यात व्हय? त्ये तिरडीसाठी घेत्यात."

ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि तिच्यामागचे भय त्याहून जुने असावे. मामांनी वाद घातला नाही. ते स्वतःच खाटेवर बसले, आपल्या मानेशी फळीवर खूण केली आणि तिथे गोधडीची गुंडाळी ठोकली.

मामी टेकल्या, तर गुंडाळी मानेऐवजी पार टाळूशी आली.

"अवो, ह्ये तर तुमच्या मानंला केलंय!" त्या धापा टाकत हसल्या.

"उद्या खाली घेतो," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मामी गेल्या. अंगणात तिरडीचे बांबू तोडणाऱ्या शेजाऱ्याने सुतळी मागितली, तेव्हा मामांनी खिशातून तीच काढून दिली.

"घ्या आता माप," ते म्हणाले. "आता न्हाई ओरडायची ती."