अण्णांना घरी मी आणलं

सगळ्यांना जय भीम.

भंतेजी, अण्णांचे फाउंड्रीतले सोबती, विहारातली मंडळी, उदगीरहून आलेली आत्या, शेजारपाजारचे सगळे. एवढ्या उन्हाचं आलात. काही जण तर शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच आलेले दिसताय. घरी जाऊन जेवलाही नसाल.

मला बोलता येत नाही. चाकणला कंपनीत रोज शिफ्ट सुरू होताना दहा-बारा जणांसमोर पाच मिनिटं बोलतो, पण ते वेगळं. तिथं कालचे पार्ट रिजेक्ट का झाले एवढंच सांगायचं असतं. इथं बापाबद्दल बोलायचं आहे. मध्येच थांबलो तर जरा सांभाळून घ्या.

खरं तर मी आभार मानून खाली बसणार होतो. पण गेल्या काही दिवसांत एक वाक्य कानावर आलं. जिन्यात आलं, स्वयंपाकघरातून आलं. 'पोरीनं बापाला दवाखान्यातून काढलं. चालता श्वास असलेल्या माणसाला मरायला घरी आणलं.'

पोरीनं म्हणजे माझ्या बहिणीनं. सुजातानं. ती मागे खांबाजवळ बसली आहे. ती काही बोलणार नाही. म्हणून मला बोलायचं आहे, पहिल्यापासून.

अण्णा तरुणपणी पिंपरीला आले, फाउंड्रीत मोल्डिंगला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. विहाराच्या या खिडकीपाशी टेबल टाकून बसायचे आणि लोकांचे फॉर्म भरून द्यायचे. पेन्शनचे, उत्पन्नाच्या दाखल्याचे, पोरांच्या स्कॉलरशिपचे. एकच हट्ट असायचा. पूर्ण फॉर्म वाचून दाखवल्याशिवाय सही करू द्यायचे नाहीत. कुणी म्हणालं, 'अण्णा, तुमच्यावर विश्वास आहे, सही कुठं करू ते सांगा,' तर हातातला पेन काढून घ्यायचे. 'विश्वास ठेव, पण आधी ऐक. सही तुझी हाय.'

अशा माणसाचा रिपोर्ट मी त्याच्यापासून लपवला.

दोन वर्षांपूर्वी त्यांना धाप लागायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर मॅडमनी मला आत बोलावलं. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत, म्हणाल्या. औषधानं वेग थोडा कमी होईल, पण झालेलं परत फिरणार नाही. मी म्हणालो, "मॅडम, त्यांना सांगू नका. खचतील ते."

त्या म्हणाल्या, "मी त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही सांगणार नाही. आजार त्यांचा आहे."

मला राग आला. घरी येऊन बायकोला म्हणालो, डॉक्टर बदलू.

पुढच्या वेळी आम्ही गेलो, तर अण्णांनी मला पाण्याची बाटली आणायला बाहेर पाठवलं. परत येतो तर रिपोर्ट अण्णांच्या हातात. मला कळलं, यांनी विचारलं आणि त्यांनी सांगितलं. रिक्षा मोशीच्या चौकात आली. तेव्हा अण्णा म्हणाले, "तुला कवापासून माहीत हाय?"

"पंधरा दिवस झाले, अण्णा."

"पंधरा दिवस एकटाच घेऊन फिरायलास व्हय?"

रागावले नाहीत ते. त्यांना माझी दया आली. मरणाची बातमी त्यांची आणि दया माझी.

त्यानंतर एका रविवारी त्यांनी सुजाताला चऱ्होलीहून बोलावून घेतलं. मला समोर बसवलं. सुजाताला कागद घ्यायला लावला आणि एकेक सांगत गेले. ऑक्सिजन लावा. धाप कमी करायचं औषध द्या. घशात नळी घालून मशीनवर ठेवू नका. जमेल तर घरी ठेवा. आणि मला ऐकू येत असेल तोवर माझ्याशी बोला, माझ्या डोक्यावरून एकमेकांशी बोलू नका.

सुजाता लिहीत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण लिहीत होती. शेवटी अण्णांनी तिच्याकडून सगळं वाचून घेतलं आणि सही केली. खाली तिनं सही केली. मग कागद माझ्याकडे सरकवला.

मी उठून गॅलरीत गेलो.

मंडळी, मी सही केली नाही. मला वाटलं, सही केली तर ते मरतील. नाही केली तर जगतील. शिकलेला माणूस आहे मी. तरी मला असंच वाटलं.

यंदाच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. सुजाता त्यांच्याजवळ होती, मी फर्स्ट शिफ्टला. तिचा फोन आला तसा मी निघालो. चाकणच्या ट्रॅफिकमधून कसा आलो मला आठवत नाही. आलो आणि कुणाचं न ऐकता त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. तिथले डॉक्टर म्हणाले, नळी घालावी लागेल, लगेच सांगा. माझ्या हातात फॉर्म दिला.

सुजातानं पर्समधून तो कागद काढला. हळूच म्हणाली, "दादा, अण्णा नको म्हणाले होते."

मी तिला काय म्हणालो, ते आज सगळ्यांसमोर सांगतो. मी म्हणालो, "तुला बाप नकोसा झालाय का?"

तिथं वॉर्डबॉय होता, सिस्टर होत्या, दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक होते. सगळ्यांनी ऐकलं. सुजातानं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये ठेवून दिली. मी फॉर्म न वाचता सही केली.

नऊ दिवस अण्णा मशीनवर होते. नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात पट्टीनं कॉटला बांधले होते. डॉक्टरांची चूक नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं, मी हो म्हटलं होतं. रोज दहा मिनिटं आत सोडायचे. अण्णा जागे असले की माझ्याकडे बघायचे. त्या दहा मिनिटांत मी एकदाही त्यांच्याशी धड बोललो नाही. सिस्टरांशी बोलायचो. ऑक्सिजन किती, लघवी किती.

नवव्या दिवशी नळी निघाली. मला वाटलं, जिंकलो. दोन दिवसांनी त्यांचा आवाज थोडा फुटला. मला जवळ बोलावलं.

"सुजातानं कागद दाखवला न्हाई का?"

"दाखवला, अण्णा."

"मग?"

मी म्हणालो, "माझं धाडस झालं नाही."

त्यांनी माझा हात धरला. मग म्हणाले, "असं खरं बोलत जा. तुला भ्या वाटलं, ते मला समजतं. पण तुझं भ्या माझ्या घशात नको घालूस, लेकरा."

त्यानंतर ते दीड महिना घरी होते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून पलंगावर. मग पुन्हा तसंच झालं आणि पुन्हा दवाखाना. या वेळी डॉक्टर मॅडम स्वतः तिथं आल्या. म्हणाल्या, आता नळी घातली तर ती निघणार नाही. मी विचारलं, "मग सोडून द्यायचं का?" त्या म्हणाल्या, "सोडायचं नाही. उपचार चालूच राहतील. आजार बरा करायचे नाहीत, त्यांना त्रास होऊ नये म्हणून करायचे. ते घरीही होतात. आमची सिस्टर येईल, फोनवर मी आहे."

तेव्हा मी पहिल्यांदा, ज्याला विचारायचं त्याला विचारलं. अण्णांच्या तोंडावर मास्क होता. मी कानाजवळ वाकून म्हणालो, "अण्णा, इथं आता फार काही होणार नाही. घरी चलायचं?"

त्यांनी मास्क बाजूला केला. "सगळं सांगितलं का मला? काही राखून तर न्हाई ठेवलं?"

"सगळं सांगितलं."

"मग चल."

डिस्चार्जचा कागद मी वाचला. ओळ न ओळ वाचला. आणि सही केली.

आत्या, आता तुझ्याशी बोलतो. तू अण्णांची धाकटी बहीण. तुझा जीव तुटला, म्हणून तोंडातून गेलं, मला कळतं. पण त्या दिवशी सुजाता दवाखान्यात नव्हतीच. ती चऱ्होलीला होती. सासूबाई आजारी होत्या तिच्या. अण्णांना घरी आणल्यावर मी तिला फोन केला. अण्णांना दवाखान्यातून मी आणलं. सही माझी आहे. कुणाला बोलायचं असेल त्यानं मला बोलावं. माझ्या तोंडावर बोलावं, मी उत्तर देईन.

आणि सुजाता. तेव्हा जे मी तुला चारचौघांत बोललो, त्याची माफी मी अजून मागितलेली नाही. घरात, एकट्यात मागून चाललं नसतं. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांत मागतो. बाप तुला नकोसा झाला नव्हता. त्यांचं ऐकायची ताकद आपल्या घरात फक्त तुझ्यात होती. मला माफ कर.

घरी आणल्यावर अण्णा अकरा दिवस होते. ते सगळे दिवस सोपे होते, असं मी सांगणार नाही. खोटं होईल ते. धाप वाढली की डोळे मोठे व्हायचे. सिस्टरनं शिकवलं होतं तसं आम्ही औषधाचे थेंब द्यायचो, पाठीला उशी लावायचो, तोंडासमोर छोटा पंखा धरायचो. दोनदा मी मोबाइल काढला, ॲम्ब्युलन्स बोलवायला. एकदा तर नंबर लावलाही होता. सुजातानं फोन हिसकावला नाही. ती फक्त म्हणाली, "दादा, आधी अण्णांना विचार." मी विचारलं. त्यांनी मान हलवली. नको.

पण त्याच अकरा दिवसांत माझ्या लेकीनं त्यांना शाळेचा धडा वाचून दाखवला आणि त्यांनी तिचा 'ष' सुधारला. फाउंड्रीतले चौघे आले, पलंगाभोवती बसले आणि कुठल्या तरी जुन्या फोरमनवरून इतके हसले की अण्णांना ठसका लागला. आम्ही घाबरलो. ते हातानं खुणावत होते, चालू द्या. खालच्या मजल्यावरच्या काकू पेन्शनचा कागद घेऊन आल्या आणि दारातच लाजून उभ्या राहिल्या. अण्णांनी त्यांना आत बोलावलं. जन्मतारीख चुकली होती, ती दाखवली.

शेवटच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास ते गेले. श्वास लांब लांब होत गेला. मध्ये एवढा थांबायचा की आम्हाला वाटायचं, झालं. पुन्हा यायचा. सुजाता त्यांचा हात धरून बसली होती. मी पाय चोळत होतो. आम्ही त्यांच्याशी बोलत होतो. काय बोललो ते आमच्याजवळच राहू दे. मग पुढचा श्वास आला नाही. वाट पाहिली. आला नाही.

मी बरोबर केलं का? मंडळी, मला अजूनही मधूनच शंका येते. शिफ्टला जाताना, गाडी चालवताना येते. अजून काही दिवस मिळाले असते का? असतील कदाचित. पण ते दिवस अण्णांना नको होते, आणि ते कुणाचे होते?

एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर आईजवळ बसा, वडिलांजवळ बसा. त्यांना काय हवं, काय नको, ते विचारा. बोलता येतंय तोवर विचारा. अवघड आहे, मला माहीत आहे. मी तर गॅलरीत पळालो होतो.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. अण्णांसाठी शांत राहू. या दोन मिनिटांत कुणाला आपल्याच घरातलं माणूस आठवलं, तर आठवू द्या. अण्णांना त्याचं वाईट वाटणार नाही.

अण्णा, तुम्हाला आमचा अखेरचा जय भीम.