डाव्या खांद्याची रायफल

बीडला बंदुकीच्या दुकानात परवान्याच्या कामासाठी थांबलो होतो. शेजारी दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव आणि संस्थेच्या चारा छावणीवरच्या राखणदार भामाबाई बसले होते.

"ही रायफल घ्या भामाबाई. लई मजबूत हाय," चेअरमन म्हणाले.

"मजबूत हाय, पर गोळी अडवायची सेफ्टी उजव्या अंगठ्यासाठी केलीय. मी डावखुरी."

"उजव्या खांद्याला लावायची सवय करा की."

"होमगार्डात दोन वर्सं केली. एक निशाण लागलं न्हाई. डाव्या खांद्याला लावली अन् पाचच्या पाच लागली."

"मंग डाव्या खांद्याला लावा, सेफ्टी उजव्या हातानं करा."

"परवा छावणीच्या जुन्या रायफलीवर तेच केलं, चेअरमनसायेब. बिबट्या पळाल्यावर सेफ्टी लावायला उजवा हात वर नेला, रायफल कलंडली अन् डाव्या बोटानं खटका दाबला गेला. गोळी पत्रा फाडून गेली. छावणीतले म्हाळूआबा वीतभर अंतरावर गायीला पेंड चारत हुते."

"हे मला कुणी सांगितलं न्हाई."

"मी सांगतेय ना."

"पर एका माणसासाठी येगळी रायफल कावून घ्यायची?"

"येगळी न्हाई. ती वरच्या फळीवरची बघा. सेफ्टी मधोमध हाय, दोन्ही अंगठे पोचतात. ती घ्या, न्हाईतर राखणीला दुसरं माणूस बघा. मी ही हातात धरणार न्हाई."

मोहनरावांनी वरच्या फळीकडे पाहिलं.

"शेठ, ती वरची उतरवा."

"आधी रिकामी हाय का दाखवा."

भामाबाईंनी डोळे मिटून दहा वेळा सेफ्टी लावली, काढली. खांदा हलला नाही.

"पटलं, भामाबाई. बास."

"बास कसं? तुमी बी लावून बघा. संचालकांना तुमालाच समजवायचंय."