उरायासूचे शेजारी

नाही गं मिताली, ते डायनिंग टेबल आता द्यायचं नाहीये — म्हणजे आहे, पण नाहीये — तू बस आधी, सांगते. जपान सोडायचं म्हणून ग्रुपवर टाकलं होतं मीच, 'सायोनारा सेल, फुनाबोरी, टेबल, राइस कुकर, दोन हीटर' — स्कॉटलंडला निघायच्या आधी, उत्साहाच्या भरात. मला वाटलं, फिरून आलो की बांधाबांध, आणि जूनमध्ये पुणे. टाकायच्या आधी नंदकिशोरला वाचूनसुद्धा दाखवलं. 'छान लिहिलंयस' म्हणाला! आता अशा नवऱ्याला काय म्हणायचं, सांग. बरं, ही शॉर्टब्रेडं घे — बिस्किटंच ती, आपल्या नानकटाईची चुलतबहीण. घे गं, लाजतेस काय. बघ, एकेक वेगळ्या पाकिटात बांधलेलं आहे. या पाकिटांपायी माझी अख्खी सहल पाण्यात गेली.

ट्रिप कशी झाली म्हणून सगळ्या विचारतात. फोटो बघितलेस ना? मग छानच झाली! अगं, पुण्याला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे मी — बिनपगारी रजा टाकून आलेय इथे, सोडून नाही, रजा टाकून, हे कुणी लक्षातच घेत नाही — आणि त्या देशातले लेखक, कवी शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. एकदा ती जागा डोळ्यांनी बघायची, एवढीच हौस. एडिंबरात एक चौक आहे, त्याच्या फरश्यांवर लेखकांची वाक्यं कोरलीयत. मी वाकून वाकून एकेक वाचतेय, आणि हा नेमका त्याच वाक्यावर बूट ठेवून उभा — 'अनघा, त्या दुकानात एकेकाचं वेगळं पॅकिंग मिळेल का गं?' ओमियागेसाठी! तू नवीन आहेस, कळेल तुला — इथे सुट्टी घेतली की परत येताना ऑफिसला खाऊ आणायचा. बाकीचे तुमचं काम ओढत होते ना, त्याची गोड भरपाई. आणि एकेक नग वेगळा बांधलेला हवा, म्हणजे प्रत्येकाच्या टेबलावर ठेवता येतो. स्कॉटलंडची माणसं आपल्यासारखी साधी — सगळी बिस्किटं एका डब्यात भरतात, घाला हात आणि खा. पण नाही, याला एकेक बांधलेलीच हवीत! किल्ल्यावर तेच, म्युझियममध्ये तेच. तिथे एका लेखकाचं स्मारक आहे, त्या काळ्याकभिन्न उंच स्मारकावर मी धापा टाकत चढले, वरून अख्खं शहर दिसतं गं, आणि खाली बघते तर हा दुकानाच्या दारात तिथल्या पोरीला हातवारे करून पाकीट कसं असतं ते समजावतोय. मी म्हटलं जाऊ दे, हौसेनं आणलंय ना बायकोला. शेवटची सुट्टी आहे जपानातली, होऊ दे त्याच्या ऑफिसचं गोडधोड. दूध उतू जाईल, थांब — हां, बोल. नाही, तू कुठे काही बोलतेयस, मीच बोलतेय.

तर मग मी शिकवायचे त्यातल्या एका कवीचं घर. ग्लासगोहून ट्रेन, मग बस, मग पायी. गवताचं छप्पर, बुटकं दार, माणसं आणि गुरं एकाच घरात — भिंतीत एक कोनाड्याएवढा पलंग, त्यात तो जन्मला. गरिबाघरचं पोर, बघ. इतकी वर्षं फळ्यापुढे उभी राहून ज्याच्याबद्दल बोलले, ते घर एवढंसं निघालं. मला रडूच आलं. खरंच आलं, हसू नकोस. आणि मनात म्हटलं, जूनमध्ये वर्गात गेले की पहिल्या दिवशी हे सांगायचं, पुस्तक उघडायच्या आधी. तेवढ्यात हा आला. सापडली एकदाची एकेक बांधलेली बिस्किटं! तोंड कसं फुललेलं. दोन मोठ्या पिशव्या ऑफिससाठी, आणि वेगळे चार खोके — चांगले, जाड कागदात बांधलेले, रिबिनी लावलेले. मी म्हटलं, हे कुणाला? 'शेजाऱ्यांना.' अरे, कुठल्या शेजाऱ्यांना? आपल्या एका बाजूला जिना. वरचं घर नवीन वर्षापासून रिकामं. राहिल्या शेजारच्या आजी आणि खालचे उचिदासान. चार खोके होतायत कुठे?

आणि मग, मिताली, माझं मलाच कळलं. अगं, इथे नवीन घरात राहायला गेलं की शेजारी काही आपल्याकडे येत नाहीत, आपणच खोका घेऊन जायचं. दोन्ही बाजूंना, वर आणि खाली. दारात वाकायचं, 'आम्ही आलोय, सांभाळून घ्या' म्हणायचं. इथे आलो तेव्हा आम्ही दोघं टॉवेलांची तीन पाकिटं घेऊन असेच गेलो होतो. आणि आता चार खोके, म्हणजे नवीन चार दारं. मी म्हटलं, नंदकिशोर, कुठलं घर? तर त्या पलंगाकडे बघत म्हणतो — माझ्याकडे नाही, पलंगाकडे! — 'उरायासू. समुद्र दिसतो बाल्कनीतून.' घराच्या कागदांवर हांको मारून झाला होता गं. निघायच्या आधीच शिक्का मारून मोकळा! 'तू खूश असशील तेव्हा सांगणार होतो,' म्हणे. म्हणजे ही सहल कशासाठी? मला खूश करायला. लहान मुलाला आधी गोळी दाखवतात आणि मग सुई टोचतात ना, तसं. मी काही आरडाओरडा नाही केला. तिथे म्हातारी गोरी जोडपी होती, काय म्हणतील. बसमध्ये बसले, खिडकीतून मेंढ्या बघितल्या. हा खोके मांडीवर घेऊन, चेपू नयेत म्हणून.

तुम्ही सगळ्या म्हणता, नंदकिशोर किती चांगला. आहेच चांगला! कधी आवाज चढवला नाही, स्वतःचा डबा स्वतः धुतो, कचऱ्याचे वार मला नाही, त्याला पाठ. पण मी इथे बेंतोच्या, म्हणजे तयार डब्यांच्या, कारखान्यात भातावर काळे तीळ टाकायचा बायतो केला, तासावारी काम, बालवाडीत एबीसीडी म्हटली, ते कशाच्या जोरावर? जूनच्या. रजा संपतेय, त्याच्यापुढे मिळणार नाही, जागा जाईल, हे त्याला माहीत नव्हतं? होतं. 'उरायासूतही इंग्रजी शिकवता येईल की,' म्हणाला. येईल ना. ए फॉर ॲपल.

म्हणून मी त्याच रात्री हॉटेलातून सुमेधा मॅडमना मेल केली — आमच्या विभागप्रमुख — येतेय म्हणून. उत्तरही आलं, टाइमटेबलात घेतलंय तुला. आणि परवा तिकीट काढलं. एकच. शनिवारचं —

अगं, मी काय बोलून बसले.

तुझा पियुष नंदकिशोरच्याच टीममध्ये आहे, नाही का? खाली ठेव तो फोन. नाही, चिडले नाहीये, ठेव फक्त. हे त्याला माहीत नाही अजून. रोज म्हणते आज सांगीन, आणि रोज तो जेवताना पडद्यांचे रंग दाखवतो, आणि मी 'हा बरा आहे' म्हणते. निळसर ठरलाय.

तू नीघ आता. चहा राहू दे. नको, घरी जाऊन पियुषला काही सांगू नकोस — मला घर कळलं ते खोक्यांवरून कळलं, त्याला निदान माझ्या तोंडून कळू दे. लिफ्टचा आवाज आला बघ. तोच असेल. जा तू, मिताली, जिन्यानं जा.